माती धुण्याची विद्या

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे एक प्राचीन गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचे नाव 'तगर' असे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचा उल्लेख आढळतो. तगरहून साधे जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची तलम वस्त्रे गाड्यांत भरून, खडतर वाटांनी भडोचच्या बंदरात नेली जात आणि तेथून ती परदेशी रवाना होत. हे तगर म्हणजेच आजचे तेर होय, असे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले. तोपर्यंत पंडित मंडळी तगराचा शोध भलत्याच ठिकाणी घेत होती!

तेरची दुसरी ख्याती मातीची आहे. संत गोरा कुंभार याच गावचे. मुखाने विठ्ठलनाम आणि पायांनी चिखल तुडविणे, असा त्यांचा नित्यक्रम होता. त्यांची समाधी आजही तेरणेच्या काठी आहे.

कापड आणि माती यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु मराठी भाषेने त्यांना एका शब्दात बांधले आहे. कुंभार माती मळतो, आणि अंगावरचे कापड मळते. कापड मळले म्हणजे काय करावे हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. रिठ्याची फळे पाण्यात भिजवून, कुस्करून त्यांचा फेस काढावा आणि त्या पाण्यात वस्त्र धुवावे. रेशमी व लोकरीची वस्त्रे तर कित्येक घरांत अजूनही रिठ्याच्याच पाण्यात धुतात. पण मातीच मळली तर? कापडाप्रमाणे माती धुता येईल काय?

प्रश्न विचित्र वाटतो, कारण माती हीच मळाचे दुसरे रूप आहे अशी आपली समजूत असते. हातपाय मातीने भरले की आपण ते धुतो. परंतु शेतातील निरोगी माती अस्वच्छ नसते. तिच्यात खनिजांचे कण, पाणी, हवा, कुजलेला पालापाचोळा आणि असंख्य सूक्ष्म जीव सुखाने नांदत असतात. तिला मळविणारे पदार्थ निराळेच असतात. विहिरीच्या काठी तेलावर चालणारे एखादे जुने इंजिन आहे अशी कल्पना करा. त्याच्या टाकीतून डिझेलचे थेंब गळत राहतात. एका दिवसाचे थेंब कोणाच्या ध्यानातही येत नाहीत, पण वर्षानुवर्षे गळून इंजिनाखालची माती काळी, चिकट आणि उग्र वासाची होते. तिच्यावर गवत उगवत नाही. पुढे एखाद्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यालाही तोच वास येऊ लागतो, आणि मग घागर भरण्यास आलेली माणसे रिकाम्या घागरी घेऊन परत फिरतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, यंत्रांचे वंगण, कारखान्यांतील नाना प्रकारचे द्रावक, किडींवर फवारण्याची काही औषधे ही सर्व कार्बनी रसायने आहेत. त्यांतील कित्येक विषारी आहेत. पेट्रोलमध्ये असणाऱ्या बेंझीनमुळे कर्करोग होऊ शकतो.

दरवर्षी पाऊस पडतो, मग ही घाण वाहून का जात नाही? याचे कारण असे की, तेल आणि पाणी यांचे सख्य नाही. पावसाचे पाणी तेलकट कणांच्या बाजूने निघून जाते आणि तेल जागच्या जागी राहते. डीडीटी या कीटकनाशकाचे उदाहरण घ्या. त्याची कीटक मारण्याची शक्ती पाउल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली ओळखली आणि १९४८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. एके काळी ते शेतांतून मुक्तहस्ते वापरले गेले. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मातीतील कुजलेल्या पालापाचोळ्याला ते चिकटून बसते आणि पुष्कळ वर्षे तेथेच राहते. भारताने १९८९ साली शेतीतील त्याचा वापर बंद केला. मात्र तोवर मातीत जे शिरले होते, ते सरकारी आदेशाने बाहेर येणारे नव्हते.

म्हणून शास्त्रज्ञांनी परटाची विद्या मातीवर योजून पाहिली. ही विद्या समजून घेण्यासाठी साबण काय करतो हे पाहू. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर जणू एक ताणलेला पडदा असतो. त्याला पृष्ठताण म्हणतात. या पडद्यावरच पाणकिडे न बुडता धावतात. साबणाचा रेणू मोठा चमत्कारिक असतो. त्याच्या डोक्याला पाणी प्रिय, तर शेपटाला तेल प्रिय. असे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर दाटीवाटीने जमतात आणि तो ताण सैल करतात. जे पदार्थ असे वागतात त्यांना पृष्ठक्रियाकारक अथवा सर्फॅक्टंट असे म्हणतात. साबण, कपडे धुण्याची पूड, रिठ्यातील सॅपोनिन हे सर्व याच जातीचे.

परंतु खरी गंमत पुढेच आहे. पाण्यात साबण वाढवीत नेला म्हणजे एक मर्यादा अशी येते की, पृष्ठभागावर नव्या रेणूंना जागाच उरत नाही. तेव्हा ते पाण्याच्या पोटात गोळा होऊन लहान लहान गुच्छ करतात. शेपटे आत आणि डोकी बाहेर, अशी त्यांची रचना असते. या गुच्छांना मायसेल म्हणतात. गुच्छाचा आतला भाग तेलासारखा असल्यामुळे जे तेल एरवी पाण्यात विरघळत नाही ते त्याच्या पोटात सुखाने शिरते. बाहेरून गुच्छ पाण्याचा मित्र असल्यामुळे पाणी त्याला घेऊन वाहू लागते. तेल पाण्यात विरघळले नाही, पण पाण्याच्या गाडीत बसून निघाले! ती मर्यादा गाठली नाही तर गुच्छ होत नाहीत, आणि माती धुण्याचे काम अर्धवटच राहते.

हे सर्व एका साध्या प्रयोगाने पडताळून पाहता येते. नदीची वाळू धुऊन वाळवून दोन वाट्यांत घ्यावी व प्रत्येक वाटीत चमचाभर करडईचे तेल कालवावे. एक वाटी साध्या पाण्याच्या बाटलीत रिकामी करावी आणि दुसरी रिठ्याच्या पाण्याच्या बाटलीत. दोन्ही बाटल्या बूच लावून चांगल्या हलवाव्यात, वाळू खाली बसू द्यावी आणि वरचे पाणी ओतून टाकावे. असे चार-पाच वेळा करून वाळू उन्हात वाळवावी व पातळ कागदात दाबून पाहावी. साध्या पाण्याने धुतलेल्या वाळूचा कागदावर तेलकट डाग पडतो. रिठ्याने धुतलेल्या वाळूचा डाग पुष्कळ फिका असतो.

आता हाच प्रयोग तेरच्या शिवारातील काळी माती घेऊन केला, तर फजिती होते. बाटली हलविताच सारे पाणी गढूळ होते आणि ते निवळण्याचे नावच घेत नाही. ओतून टाकावयाचे पाणी कोणते आणि ठेवावयाची माती कोणती, हेच कळेनासे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे, तरी पाणी गढूळच.

असे का होते, हे कुंभाराला विचारावे. तो वाळूची मडकी करीत नाही. त्याला बारीक, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती लागते, आणि नेमका हाच चिकटपणा धुणाऱ्याचा शत्रू आहे. मराठवाड्यातील काळी माती बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकापासून झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज विपुल असते. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रेच. या सर्व पापुद्र्यांची पृष्ठे मोजली तर अवघ्या एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत भरते. म्हणजे चमचाभर शुद्ध खनिजात एक एकर जमीन घडी घालून ठेवली आहे असे समजावे. इतक्या पृष्ठांवर आणि इतक्या घड्यांत अडकलेले रसायन शोधून काढणे सोपे कसे असणार? शिवाय या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो. ज्या पृष्ठक्रियाकारकांच्या डोक्यावर धन भार असतो, ते मातीलाच चिकटून बसतात आणि वाया जातात. साध्या साबणाची अडचण आणखी निराळी. ज्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही व ज्यास दुष्फेन पाणी म्हणतात, त्यातील कॅल्शियम मातीतही असते. साबण आणि कॅल्शियम यांची गाठ पडली की पांढरा साका तयार होतो व काम थांबते. रिठ्याला ही बाधा फारशी होत नाही.

प्रत्यक्षात माती दोन रीतींनी धुतात. पहिल्या रीतीत माती खणून काढतात, मोठ्या फिरत्या पिंपांत पृष्ठक्रियाकारकाच्या पाण्याबरोबर घुसळतात आणि चाळण्यांतून गाळतात. वाळू व खडे स्वच्छ होऊन निघतात. ते पुन्हा जागेवर भरता येतात. बारीक गाळात मात्र बहुतेक घाण साठते व त्याची निराळी व्यवस्था करावी लागते. ज्या मातीत वाळू अधिक तेथे ही रीत फायद्याची ठरते. ज्या मातीत निम्मा भाग चिकणमातीचाच असतो, तेथे धुऊन उरते काय? जवळजवळ सारी माती गाळ होऊनच बाहेर पडते.

दुसऱ्या रीतीत माती जागची हलवीत नाहीत. घाण झालेल्या जागेच्या एका बाजूस कूपनलिका खोदून तीतून पृष्ठक्रियाकारकाचे पाणी जमिनीत सोडतात. ते मातीतून झिरपत, रसायन गोळा करीत पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूच्या कूपनलिकेतून पंपाने वर ओढले जाते. कॅनडातील बोर्डन या ठिकाणी १९९० च्या सुमारास याची मोठी परीक्षा झाली. तेथील वाळूच्या थराचा तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा तुकडा चोहोबाजूंनी पत्रे ठोकून बंद केला गेला आणि त्यात सुमारे २३० लिटर परक्लोरोएथिलीन मुद्दाम ओतण्यात आले. हे द्रव्य कोणते? पाण्यावाचून कपडे धुण्याच्या दुकानांत वापरले जाणारे! कापड स्वच्छ करणाऱ्या या द्रव्याने अनेक देशांत दुकानांखालची जमीन व पाणी मात्र बिघडविले आहे. ते पाण्याहून जड असल्यामुळे तेलासारखे तरंगत नाही. खाली खाली बुडत जाते. पृष्ठक्रियाकारकाचे पाणी त्या वाळूतून खेळविल्यावर पुष्कळसे द्रव्य वर आले. सगळे मात्र आले नाही.

या रीतीत एक मोठा धोका आहे आणि तो विसरून चालत नाही. मातीला चिकटून बसलेले विष निदान जागेवर तरी असते. साबणाने ते सोडविले आणि पंपाने ते वेळीच वर ओढले नाही, तर ते सुटलेले विष थेट भूजलाकडे धावते. तेरसारख्या प्रदेशात काळ्या मातीखाली भेगाळ खडक असतो आणि विहिरींचे पाणी त्या भेगांतूनच येते. कोणती भेग कोणत्या विहिरीला मिळाली आहे, हे वरून पाहून सांगता येत नाही. उन्हाळ्यात तर काळ्या मातीला मोठाल्या भेगा पडतात. त्यांतून साबणाचे पाणी माती न धुताच सरळ खाली उतरेल. तेव्हा अशा जमिनीत पाणी सोडण्यापूर्वी भूगर्भाची नीट पाहणी करणे अगत्याचे ठरते.

वर ओढलेल्या पाण्याचे काय करावयाचे, हाही प्रश्न आहेच. साबणाने विष नाहीसे होत नाही. ते केवळ मातीतून पाण्यात येते. मग ते पाणी टाक्यांत साठवून त्यावर आलेले तेल निवळून घेतात, उरलेले रसायन विशेष प्रकारच्या कोळशाकडून शोषून घेतात, किंवा हवेचा झोत सोडून उडून जाणारी रसायने वेगळी करतात. पृष्ठक्रियाकारक महाग असल्यामुळे तो परत मिळवून पुन्हा वापरण्याचीही खटपट करावी लागते. कित्येकदा माती धुण्याहून धुण्याचे पाणी स्वच्छ करण्यासच अधिक खर्च येतो.

आणि हा जो धुणारा पदार्थ, तो तरी निरुपद्रवी असतो काय? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावर फार महाग मोल देऊन मिळाले. १८ मार्च १९६७ रोजी 'टोरी कॅन्यन' नावाचे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळले. त्यात एक लाख टनांहून अधिक खनिज तेल होते. किनारे काळे पडू लागताच ते धुण्यासाठी दहा हजार टनांहून अधिक धुलाईची रसायने फवारण्यात आली. तेल पांगले खरे. परंतु खडकांवरील शिंपले, गोगलगायी व इतर प्राणी तेलापेक्षा त्या रसायनांनीच अधिक मेले. गॉड्रेव्ही नावाच्या ठिकाणी सील प्राण्यांची वस्ती असल्यामुळे फवारणी केली गेली नव्हती. तेथील खडकांवरचे जीवन थोड्या वर्षांत पूर्ववत झाले. जेथे भरपूर फवारणी झाली, तेथे त्याला कितीतरी अधिक वर्षे लागली. घाईने केलेली स्वच्छता घाणीहून वाईट ठरली.

यानंतर सौम्य आणि मातीत लवकर कुजून जाणारे पृष्ठक्रियाकारक शोधण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले. असे शोधता शोधता काही जण आपल्या रिठ्यापाशी येऊन पोहोचले. अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी रिठ्याच्या फळांचा अर्क काढून हेक्झाक्लोरोबेंझीन हे चिवट रसायन मातीतून सोडवून पाहिले. त्यांचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. साध्या पाण्यापेक्षा रिठ्याच्या पाण्यात ते रसायन पुष्कळ अधिक प्रमाणात उतरते, असे त्यांना आढळले. आजीच्या फडताळातील फळ परदेशातील प्रयोगशाळेत मानाने जाऊन बसले, याचा आनंद वाटणे साहजिक आहे. तथापि रिठा झाडाला येतो म्हणून तो सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र समजू नये. रिठ्याचे पाणी माशांना विषारी असते. पूर्वी काही ठिकाणी डोहात रिठा कुस्करून मासे बेशुद्ध करीत व धरीत. म्हणून माती धुतलेले रिठ्याचे पाणी तेरणेसारख्या नदीत सोडून देता येणार नाही.

मग काळ्या मातीला आणि चिखलाला काही उपायच नाही की काय? उपाय आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो योजून पाहण्यात आला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले आणि त्यातून सुमारे आठशे टन तेल समुद्रात सांडले. भरतीबरोबर ते मुंबई व रायगडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीच्या वनांत शिरले. खारफुटीची मुळे ज्या चिखलात असतात, तो तेरच्या मातीसारखाच बारीक आणि चिकट. तेथे फिरती पिंपे नेणार कशी, आणि साबणाचा मारा केला तर कोवळी मुळे व खेकडे वाचणार कसे? दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेने तेल खाणाऱ्या जीवाणूंचे एक मिश्रण तयार केले आहे. त्याला 'ऑइलझॅपर' असे नाव असून, दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत ते जीवाणू ठेवलेले असतात. मुंबईच्या किनाऱ्यावरील तेलाचा निकाल लावण्यासाठी त्यांची मदत घेण्यात आली.

तेल हे अशा जीवाणूंचे अन्नच होय. पण तेल पाण्यात विरघळत नाही, मग त्यांच्या तोंडी ते लागते कसे? येथे निसर्गाची करामत पाहावी. यांतील कित्येक जीवाणू स्वतःच आपला साबण तयार करतात! स्यूडोमोनास नावाच्या जीवाणूचा असा साबण प्रसिद्ध आहे. त्यास रॅम्नोलिपिड म्हणतात. तो तेलाचे बारीक बारीक थेंब करतो आणि जीवाणू ते थेंब खाऊन त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी करून टाकतात. म्हणजे परटाची विद्या माणसाच्या आधी या अदृश्य जीवांना अवगत होती. शिवाय त्यांच्या धुलाईत विष एका जागेहून दुसरीकडे जात नाही. ते नष्टच होते.

शेतातील मळलेल्या मातीसाठी याच तत्त्वावर एक सोपी रीत आहे. ती शेतकऱ्याच्या रोजच्या कामाहून फारशी निराळी नाही. तेलकट माती खणून, खाली पाणी झिरपू न देणारे आच्छादन घालून, तिचा पातळ थर पसरतात. तेलात कार्बन भरपूर असतो, पण नत्र व स्फुरद नसते. म्हणून खत घालतात. जीवाणूंना हवा लागते, यासाठी थर वरचेवर उकरून खालीवर करतात. माती सुकू देत नाहीत आणि चिखलही होऊ देत नाहीत. जरूर पडल्यास सौम्य पृष्ठक्रियाकारकाचा हलका शिडकावा करतात, म्हणजे घड्यांत दडलेले तेल जीवाणूंच्या हाती लागते. डिझेलसारखे हलके तेल काही महिन्यांत पुष्कळ कमी होते. जड वंगणाला अधिक काळ लागतो, आणि डीडीटीसारखी रसायने तर जीवाणूंनाही सहजासहजी पचत नाहीत. ठरावीक दिवसांनी मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवितात आणि तेल किती उरले याचा आकडा टिपून ठेवतात. आकडा पुरेसा खाली आला की ती माती पुन्हा शेतात नेतात, आणि मूठभर दाणे पेरून ते उगवतात की नाही, हे पाहतात.